गाडीची सावली

घोंगडीचा वास आला की मला मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीतली ती दुपार आठवते. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मागची भिंत अर्धीच बांधली होती, आणि उसाच्या बाजूने मेंढरं थेट उघड्या पार्किंगमध्ये शिरली. गाडीला ओरखडे पडतील म्हणून मी धावत खाली गेले. पाहते तर सगळी मेंढरं माझ्याच गाडीभोवती गोल करून उभी, माना खाली घातलेली, गळ्यातली एकही घंटा वाजत नव्हती. मागून खांद्यावर घोंगडी टाकलेली एक धनगर म्हातारी आली. तिने चपला काढल्या, एक मेंढी धरली आणि दुधाच्या धारा गाडीखालच्या जमिनीवर सोडल्या. "हितं शेत हुतं तवा दरसाल आमची मेंढरं बसायची. माझं तान्हं लेकरू हितंच पुरलंय," ती म्हणाली. "थांबा, गाडी काढते मी," म्हणत मी किल्ली शोधू लागले. "नगं ताई, असू द्या," ती शांतपणे म्हणाली, "लई ऊन लागायचं त्याला." आता भिंत पुरी झाली आहे, मेंढरं येत नाहीत. शेडखालची जागा मिळत होती, ती मी घेतली नाही. गाडी तिथेच लावते, आणि उतरल्यावर दार अगदी हळू लोटते.