खोडलेल्या नावासाठी हिंजवडीपर्यंत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बारा वर्षांपूर्वी मी गाण्याचे दोन पास ब्लॅकने विकले, आणि ते पास माझे नव्हते. केळकरसरांचे होते. त्यापायी गेल्या महिन्यात मला सदाशिव पेठेतून हिंजवडीला जावं लागलं. आपल्या दिवाळी अंकाच्या वाचकांपैकी तिकडे फारसं कुणी गेलेलं नसावं, म्हणून प्रवासाची माहितीही सोबत देतो.

आधी पासांचं. तेव्हा ते दुकानात मिळत. दुकान नऊला उघडे, माणसं पाचला येत. पण आपल्याकडे रांगेत उभं कोण राहतं? पहिला येणारा कागदावर यादी धरतो, बाकीचे क्रमाने नावं घालतात आणि पायऱ्यांवर बसून मागच्या वर्षीच्या गायकांना नावं ठेवतात. दर अर्ध्या तासाने हजेरी. हजर नसेल त्याचं नाव कटाप. यादी बहुधा माझ्याकडे असे, कारण माझं अक्षर चांगलं आणि बोलणं कमी.

त्या वर्षी एका थोर गायिकेचं गाणं होतं. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. केळकरसर यादीत तिसरे होते. ते गणिताचे शिक्षक, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे. "बापट, सगळ्यांसाठी चहा आणतो," ते म्हणाले. "हजेरी झाली तर माझं धरा." मी मान हलवली. ते कोपऱ्यावर वळले तशी मी दहा मिनिटं आधीच हजेरी घेतली, त्यांचं नाव खोडलं आणि त्या जागी मेहुण्याचं घातलं. मेहुणा तेव्हा नागपुरात झोपलेला होता.

सर किटली घेऊन आले. मी कागद दाखवला. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि चहा ओतायला लागले. मलाही दिला. मग यादीच्या तळाशी पुन्हा नाव लिहिलं. त्यांच्यापर्यंत पास पोचले नाहीत.

मेहुण्याच्या नावावरचे दोन पास मी गाण्याच्या दिवशी फाटकाशी एका कंपनीवाल्याला तिप्पट भावाने दिले. आत शिरताना पाहिलं, तर सर आणि वहिनी समोरच्या फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरून बसले होते. मांडवातलं गाणं तिथवर ऐकू येई. मला पाहून सर उठून उभे राहिले. "तुम्हाला मिळाला ना? बरं झालं." त्या पैशांचा आमच्याकडे मिक्सर आला. उत्तम चालतो.

यंदा बाईंचं शेवटचं जाहीर गाणं ठरलं. सर घरी आले. "बापट, हिच्या डाव्या कानाने राजीनामा दिलाय, उजवा नोटिशीवर आहे. एकदा आत बसून ऐकू दे तिला. तिकिटं मोबाइलवर आहेत म्हणे. तुम्ही यादीतले माणूस, तुम्हीच बघा."

विक्री सकाळी दहाला होती. दहाला मी वेटिंग रूममध्ये (म्हणजे पांढरा पडदा आणि त्यावर गोल फिरणारं चक्र) शिरलो. माझा नंबर नऊ हजार चारशे होता, सभागृहात खुर्च्या आठशे. पुढे कोण आहेत ते दिसेना, हजेरी कोण घेतंय ते कळेना. अकरा मिनिटांत तिकिटं संपली. बाराव्या मिनिटाला तीच तिकिटं दुसरीकडे चौपट किमतीला मिळू लागली. भाचीने एकाचा नंबर शोधून दिला. तन्मय, राहणार हिंजवडी, व्यवहार समोरासमोर.

डेक्कनहून बस पकडली. लकडी पूल ओलांडला की मला तसंही परगावी आल्यासारखं होतं. कंडक्टरबाईंना विचारलं, "हिंजवडीला किती वेळ लागेल?"

"उतराल तेव्हा कळेल," त्या म्हणाल्या. बोली परकी वाटली नाही.

विद्यापीठ चौकात आम्ही बराच काळ राहिलो. राहिलो असंच म्हणायला हवं. शेजारच्या बाईंनी तेवढ्यात अख्खी मेथी निवडली. पुढे औंध, मग वाकड, मग एक उड्डाणपूल, आणि मग एकदम काचेच्या इमारती. प्रत्येक काचेत समोरची काच दिसते. मधूनच मोकळ्या तुकड्यात दोन म्हशी. मी उतरलो तेव्हा कळलं की उतरायचं पुढच्या फेजला (इथे वाड्या-वस्त्यांना फेज म्हणतात) होतं.

सावलीत एक टोपीवाले आजोबा बसले होते. त्यांना रस्ता विचारला.

"फेज टू? ते फुडं ऱ्हायलं. पर हितं चालत कुणी जात न्हाय."

"तुम्ही इथलेच?"

"हितलंच. त्या काचंखाली आमचं वावर व्हतं. वांगी निघायची."

"आता?"

"आता वर क्यांटीनला पोरगा वांगी देतो. मार्केट यार्डातनं आणून." त्यांनी तंबाखू मळायला घेतली. "बसा, उनाचं कुठं निगाला?"

बसलो नाही, चालत गेलो. वाटेत एका कंपनीच्या दारात गाडीवर भुर्जी-पाव खाल्ला. रांग नव्हती. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं होती, माझ्या गळ्यात काही नसल्याने मला सगळ्यात शेवटी मिळाला. कांदा छान परतला होता. तिखट आपल्याकडच्या मानाने जास्त.

तन्मय एका पीजीत (खोलीऐवजी खाट भाड्याने देणारी इमारत) राहत होता. पार्किंगमध्ये खाली आला. सव्वीसेक वर्षांचा, नम्र, हातात दोन फोन आणि खिशात दोन.

"सॉरी काका, लांब पडलं ना? पाणी आणू?"

मी नको म्हणालो. किंमत ठरलेली होती ती दिली. तिकिटं माझ्या मोबाइलवर यायला वेळ लागत होता, म्हणून विचारलं, "बाईंचं गाणं ऐकलंय का कधी?"

"नाही हो. डिमांड आहे एवढं माहितीये."

"कुणाचं तरी हुकलं असेल ना, तुम्ही इतकी घेतल्यावर?"

तो रागावला नाही. असं त्याला बऱ्याच जणांनी विचारलेलं दिसत होतं. "मी चीटिंग नाही करत काका. सिस्टिमने दिलं ते घेतलं. माझेही एफर्ट्स आहेत त्यात. आणि कुणाचं हुकलं ते मला दिसत नाही. दिसलं असतं तर कदाचित नसतं केलं."

मला दिसलं होतं. किटलीसकट.

"आली बघा तिकिटं," तो म्हणाला. "तिसरी रांग. कुणासाठी घेताय?"

"शेजाऱ्यांसाठी."

"नाइस," तो म्हणाला आणि मला रिक्षा बघून दिली.

बसमधून परतताना मी ठरवलं होतं की आज सरांना दोन्ही सांगायचं: आजचंही आणि तेव्हाचंही. जिना चढून सरांकडे गेलो. आत वहिनी रेडिओला कान लावून कानातल्या यंत्राचा आवाज जुळवत होत्या. खुर्चीवर इस्त्रीची साडी काढून ठेवली होती. गाण्याला अजून चार दिवस होते.

सरांनी चष्मा लावून तिकिटं पाहिली. मग चष्मा काढला. "बापट, ब्लॅकची नाहीत ना? तशी असतील तर परत करा. आम्ही बाहेर बसू, आम्हाला जमतं ते."

बाई यंदा बंद सभागृहात गाणार होत्या. बाहेर काहीही ऐकू येणार नव्हतं. सरांना ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांनी हेच म्हटलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "नंबर लागला."

सर आत वळून मोठ्याने म्हणाले, "अगं, नंबर लागला. बापटांनी लावला."

रविवारी दोघं जाऊन आले. दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्यात भेटल्या. मी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं. तंबोरा जरा चढा लागला होता."

म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं.

प्रवासाने माणूस बदलतो असं आपल्या अंकात दरवर्षी कुणीतरी लिहितं. मी सत्तावन्नाव्या वर्षी हिंजवडीला जाऊन आलो आणि त्याच गृहस्थांशी दुसऱ्यांदा खोटं बोललो. फरक इतकाच की पहिलं खोटं मला हवं होतं आणि दुसरं वहिनींना लागत होतं. पण गाणं होऊन गेलं. गप्प राहायला आता तेही कारण उरलेलं नाही. शिवाय हा अंक सरांकडे माझ्या आधी जातो, आणि ते पहिल्या पानापासून शुद्धलेखनासकट वाचतात. छापील कागदावरून त्यांना हे कळणं बरं नव्हे. त्याआधी मला एक मजला चढायचा आहे.

त्या सकाळी सर गैरहजर नव्हते, आणि यंदाची तिकिटं ब्लॅकची होती. ही दोन वाक्यं मी त्यांना समोर उभं राहून सांगणं लागतो. अजून सांगितलेली नाहीत.