तारमास्तरांची शुद्ध आवृत्ती

आरती ऐन रंगात आलेली असायची. पुजारीबुवांच्या हातातलं तबक गोल फिरतंय, घंटा घणघणतेय, बायकांच्या टाळ्यांना जोर चढलाय, आणि मागच्या खांबाजवळून एक बोट वर व्हायचं.

"थांबा. ही चाल तुम्ही कुणाकडून घेतलीत?"

तबक अधांतरी, कापूर विझायच्या बेतात आणि पुजारीबुवा रडकुंडीला. "मास्तर, देव खोळंबलाय हो!"

"देवाला घाई नसते, पुजाऱ्याला असते. बोला, कुणाकडून?"

"वडिलांकडून."

"आणि वडिलांनी कुणाकडून?"

इथपर्यंत आलं की आरतीचा बट्ट्याबोळ ठरलेला. लोक हसत हसत प्रसादाकडे वळत. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. प्रत्येक देवळाला एक कळस आणि एक खोडा लागतो. आमच्या लोणावळ्याला खोडा म्हणून तारमास्तर मिळाले होते.

पेन्शनीत निघेपर्यंत ते स्टेशनावर तारा घेत. आयुष्यभर कट्टकडकट्ट ऐकायचं आणि कागदावर उतरवायचं, एवढंच केलेलं. त्यामुळे कान तयार. गळा मात्र देवाने कावळ्याला देऊन जो उरला, तो दिलेला. घाटात विजेची इंजिनं आली तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. धूर गेला, काजळी गेली, वेळ वाचला. मास्तर म्हणाले, "शिट्टी बेसूर आहे," आणि घरी निघून गेले.

अशा माणसाने पेन्शनीत विष्णुसहस्रनाम म्हणावं, नातवंडं खेळवावीत. यांनी मावळातल्या देवळांतली आणि भजनी मंडळांतली जुनी पदं स्वरलिपीसकट छापायचं मनावर घेतलं. त्याला कारणही घडलं होतं. पुण्याच्या कुणा पेटीवाल्याने हीच पदं छापली होती, पण चाली सगळ्या नाटकातल्या लावून. मास्तरांनी ते पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. "दुधात पाणी घातलं तर दंड होतो. याने पाण्यात दूध घातलंय, आणि पुस्तक खपतंय!"

माझा बाजारात छोटा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल यंत्र, अक्षरांचे जुने झिजलेले खिळे आणि लग्नपत्रिका, जाहिराती, चिक्कीच्या पुड्यांवरची लेबलं अशी कामं. स्वरलिपी म्हणजे काय, हे मला मास्तरांचे कागद हातात येईपर्यंत माहीत नव्हतं. सा च्या खाली टिंब, सा च्या वर टिंब, ग च्या पोटाखाली आडवी रेघ, म च्या डोक्यावर उभी. एवढी टिंबं आणायची कुठून? अनुस्वारांची वापरली. त्या वर्षी आमच्या पत्रिकांना अनुस्वार औषधालाही उरला नाही आणि कित्येकांची मंगलकार्यं 'मगल' झाली. एक वधूपिता भांडायला आला. मी सांगितलं, टिंबं सध्या देवाच्या चाकरीत आहेत, लग्न टिंबावाचून लागतं.

मास्तरांची पद्धत तारेची. एकच पद चार गावांत ऐकायचं आणि जिथे फरक पडेल तिथे खाली तळटीप द्यायची. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, हे ठरवायचं नाही. "आलं ते लिहायचं, आपलं घालायचं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझी बायको आमटीत मीठ कमी पडलं की तेच म्हणायला लागली.

एका पदाखाली त्यांनी टीप दिली: 'शिरगावकर येथे गंधार कोमल घेतात. मळवलीकरांच्या मते तो घसा बसल्यामुळे.' मुद्रितं तपासायला टेबलावर पडली होती. ती कुणी वाचली देव जाणे, पण दुसऱ्याच दिवशी शिरगावचे चौघे छापखान्यात हजर.

"आमचा घसा बसलाय व्हय? कुटं लिवलंय ते दावा!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "मी नाही म्हणत. मळवलीकर म्हणतात."

"मंग आमचं बी लिवा. मळवलीकरास्नी तालच कळत न्हाई!"

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे तेही टिपेत घातलं. अशाने पानाच्या वरच्या अंगाला दोन ओळी पद आणि खाली सगळी भाऊबंदकी, असं त्या पुस्तकाचं रूप झालं. पण खरं सांगतो, मळवलीच्या भजनी मंडळातले आबा, जे कुणाला हिंग लावून विचारत नसत, तेही मास्तर आले की उठून जागा देत. "ह्ये मानूस ऐकतंय," म्हणत. "बाकीचं नुस्तं डोलत्यात."

सगळं पुस्तक जुळून झालं आणि एका पहाटेच्या पदापाशी अडलं. चार ओळींचं पद. पहिली, दुसरी, चौथी मिळाली. तिसरी ना शब्दांनी मिळाली ना सुरांनी. ज्या बुवांचं ते पद, ते मळवलीकडचे; जाऊन कैक वर्षं झालेली. त्यांच्या मागे सारंगी धरणारे तेवढे हयात होते, तळेगावचे अत्तारचाचा. मास्तर निघाले. माझे खिळे त्या पानात अडकून पडलेले, म्हणून मीही निघालो.

चाचा ऐंशीच्या घरातले. दुकान मुलगा बघायचा. ते ओट्यावर उन्हात बसलेले. त्यांनी सारंगी मागवली, जुळवली, पहिली ओळ वाजवली, दुसरी वाजवली. मास्तरांची पेन्सिल पळत होती. मग सारंगीवरचा गज थांबला.

"पुढे, चाचा?"

"इथे मी वाजवत नसे."

"का?"

"बुवा ती ओळ अशी म्हणायचे, मास्तर, की माझा हातच चालायचा नाही. गज मांडीवर ठेवायचा आणि ऐकत राहायचं. दरवेळी तेच. बोटांनी ती कधी केलीच नाही, तर बोटांना ठाऊक कशी असणार?"

"पण कानांना?"

"कानांचं काय घेऊन बसलात! कान सगळं ऐकतात, ठेवत काही नाहीत."

मास्तरांनी उलटप्रश्न केला नाही. त्यांना ओळखू लागल्यापासून हे मी प्रथमच पाहत होतो.

परतीच्या गाडीत मी शहाणपण पाजळलं. "मास्तर, तिसरी ओळ तुम्हीच करा की. तुमच्याएवढं या पदातलं कुणाला कळतं? कोण येतंय विचारायला?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तारेतला एखादा शब्द पोचला नाही, तर आम्ही काय करायचो? जागा सोडायचो. आपल्या अकलेने भरला असता, तर कुणाच्या जिवंत बापाला मारलं असतं, नाहीतर मेलेल्याला जिवंत केलं असतं."

मग गावोगाव शोध सुरू झाला. कामशेत, वडगाव, पवनेकाठची खेडी. जिथे म्हणून एखादा म्हातारा खोकत होता, तिथे मास्तर पोचले. रिकाम्या हाताने परत येत आणि हल्ली लोक पुटपुटत गातात अशी तक्रार करत. पुजारी पुटपुटतो, आबा पुटपुटतात, स्टेशनावरची घंटासुद्धा हळू वाजवतात म्हणे. मी हसण्यावारी नेलं.

एके दिवशी ते छापखान्यात आले. माझं ट्रेडल जोरात चाललं होतं. त्याच्या खडखडाटाने शेजारचा किराणावाला रोज मला शिव्या घालायचा. मास्तर दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आज काम बंद ठेवलंत वाटतं?"

माझा पाय पायट्यावरून निसटला. चाक फिरत फिरत थांबलं. मास्तरांनी ते थांबताना पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"म्हणजे चालू होतं," ते म्हणाले.

मी खाली मान घालून हातांची शाई पुसू लागलो.

"आता ती ओळ कुणी दारात आणून म्हटली, तरी मला लिहून घेता यायची नाही." त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "छापा. जागा सोडा."

तसंच छापलं. पहिल्या दोन ओळी, मग नुसत्या मात्रांची रिकामी घरं, वर तालाच्या समेची आणि काळाची खूण, मग चौथी ओळ. खाली टीप: 'ही ओळ मिळाली नाही. ज्यास मिळेल त्याने येथे लिहावी.' पुस्तक खपलं नाही हे सांगायला नको. पेटीवाल्याची मात्र तिसरी आवृत्ती निघाली. मास्तरांनी आपल्या प्रती भजनी मंडळांना फुकट वाटल्या आणि भेटेल त्याला भुवया उंचावून विचारत राहिले, ती ओळ आली का? लोक मान हलवत. ते समजायला कान लागत नाहीत.

पुढच्या थंडीत मास्तर गेले.

तेराव्याला मळवलीकर आणि शिरगावकर, दोन्ही मंडळं भजनाला आली. एकमेकांकडे न बघता का होईना, पण एकाच सतरंजीवर बसली. तळेगावहून नातवाच्या आधाराने अत्तारचाचा आले आणि भिंतीला टेकले. आबांनी मास्तरांचं पुस्तक उघडून तेच पद धरलं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आणि सगळे गप्प झाले. टाळ हातात उघडे राहिले. मृदंग तेवढा हलक्या हाताने ठेका देत होता. एक आवर्तन पुरतं गेलं, आणि समेवर सगळ्यांनी मिळून चौथी ओळ उचलली.

भजन संपल्यावर मी आबांना गाठलं. "मधेच सोडून का दिलंत?"

"सोडलं कुटं? मास्तरांनी जसं लिवलंय तसंच म्हटलं. मोकळं हाय ते मोकळंच म्हनायचं. आपलं घालायचं न्हाई." वर त्यांनी हेही सांगितलं, की मळवलीची पोरं आता हे पद असंच शिकतात.

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, ती जागा ओळ मिळेपर्यंत सोडलेली होती, म्हणायला नव्हे! मास्तर असते तर थयथयाट केला असता. पण मला रागावता येईना. माझेच डोळे भरून आले होते.

चाचा अजून भिंतीशीच होते. ते आवर्तन रिकामं चाललं होतं, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. डोळे मिटलेले, हात मांडीवर आणि मान हळूहळू डोलत होती. मी त्यांच्या शेजारी बसलो.

"चाचा, आठवली का ओळ?"

"नाही हो," ते म्हणाले. "पण किती लांब होती, ते आठवलं."

हे लिहून घ्यायला मास्तर हवे होते.