व्याह्याची तपकीर

हिराजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खाडीकाठच्या खारीच्या बांधाला चिखल लावत होतो. तसेच हात घेऊन त्याच्या ओट्यावर गेलो. मावसभाऊ माझा, माझ्याच वयाचा. तापानं गेला, त्याबद्दल देवाशी माझं भांडण नाही. पण बाराव्याला जमलेल्या मंडळींत त्याचा व्याही गोमाजी उठून म्हणाला, "माज्या मानासाठी डोळा दिला या मानसानं!" आणि लोकांनी माना डोलावल्या. मला किळस आली. दीड महिना झाला, ती जात नाही. मी दोनच इयत्ता शिकलेला माणूस, पण हे लिहिणारच.

हिराजीची नजर अशी की खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं की होडी कुणाची ते सांगायचा. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सोनी, त्याची एकुलती लेक, तेव्हा नुकतीच आगरदांड्याला दिलेली. ती माहेरी आली की हा म्हणायचा, "पोरीचं तोंडच दिसत न्हाय रं... सुखी हाय का न्हाय, कसं कळावं?" तेवढ्यासाठी तो आगबोटीनं मुंबईला इस्पितळात यायला तयार झाला. मी सोबत होतो.

डाक्टरनं एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि बजावलं, मान हलवायची नाही; खोकला, शिंक आली तर जखम उघडेल आणि डोळा जाईल. हिराजी ओंडक्यासारखा पडून राहिला. मी चमच्यानं पेज भरवायचो. म्हणायचा, "मेल्यावर असंच पडायचं हाय. सराव करतो."

आणि मग गोमाजी भेटीला आला. खाटेवर बसला, डबी काढली, उघडली. "घ्या व्याही."

मी म्हणालो, "डाक्टरनं मना केलंय. शिंक आली तर डोळा जाईल."

"चिमटीभर तपकिरीनं डोळा जातो व्हय? का आमची डबी बाटली?"

आमच्याकडे व्याह्याची तपकीर नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. हिराजीनं चादरीखालून हात पुढे केला. मी मनगट धरलं. "सोड," तो म्हणाला. "माजी पोर त्यांच्या घरात नांदते."

त्यानं चिमूट ओढली. शिंका दाबू पाहत होता, अंग ताठ केलं, दात आवळले... आणि आल्याच. पट्टी ओली झाली. डाक्टर धावत आला, पट्टी सोडली. डोळ्यातला गर बाहेर आला होता. गोमाजी म्हणाला, "तरी मी म्हनत होतो, मुंबईची औषधं चांगली न्हाईत." आणि डबी बंडीच्या खिशात घालून जेवायला गेला.

त्या डोळ्यानं पुढे उजेड-अंधार तेवढा कळायचा. दुसरा त्यानं कापू दिला नाही, तोही गेला. माझा राग हिराजीवरही आहे. असला मान कसला? कुत्र्यापुढे टाकावा. लेकीसाठी केलं म्हणायचा. त्या लेकीला सासरी काय म्हणतात ठाऊक आहे? आंधळ्याची पोर. ज्यानं आंधळा केला त्याच्याच घरात.

सोनी आली की तो तिला उंबऱ्याशी बसवून तोंड चाचपायचा. बोटं गालावर आली की ती खप्पड गाल फुगवून धरायची. "बरी हायस गं, भरलीस," म्हणायचा आणि दिवसभर खूश असायचा. हे मी समोर बसून बघितलंय.

परवा ती आली होती. सवयीनं उंबऱ्याशीच बसली, उजेडाकडे तोंड करून. गाल फुगवले नव्हते.