पंधरा दिवसांचा नियम

आमच्या भंडाऱ्यातल्या वसाहतीत सगळ्यांची मिळून एक बाग आहे. तिची देखरेख करणाऱ्या गृहस्थांकडे रोपांपेक्षा नियम जास्त असतात. बालवाडीची मुले आली की ते आधी नखे तपासतात आणि स्वच्छ दिसली की तोंड वाकडे करतात. "हे शाळेत चालते. इथं पहिले मातीत हात घाला!"

मग ते बाग समजावून सांगतात. "तुमच्या फ्लॅटले अंगन आहे का? नाही नं? मंग वांगं कुठं लावसान? म्हून साऱ्यांनी मिळून हे एक अंगन केलं. एकेका घराले एकेक वाफा. पंधरा दिवस पानी नाही टाकलं, तं वाफा दुसऱ्याले!"

या नियमातून त्यांचा सख्खा मेव्हणाही सुटला नाही. माझी बायको गेल्यापासून दोन महिने मी तिच्या वाफ्याकडे फिरकलो नव्हतो. तो एव्हाना दुसऱ्या कुणाला दिला असणार, निदान एकदा पाहून यावे, म्हणून परवा सकाळी गेलो. तिची वांगी टवटवीत होती आणि माती ओली.

बालवाडीची मुले आलेलीच होती; त्यातल्या एका मुलीने नेमके तिकडेच बोट दाखवले. "आजोबा, हा कोणाचा?"

"काकूचा. आता काका पानी टाकतेत, रोज," ते मुलांसमोर धडधडीत खोटे बोलले. मग मला फाटकात उभा पाहून जराही न ओशाळता जवळ आले, भरलेली झारी माझ्या हातात दिली आणि खेकसले, "काहून जी सर, आज उशीर केला?"