विमानातून केलेला हात

हातातला चहा आधी संपवा, मग ऐका. कारण हा किस्सा ऐकताना आमच्या आतेभावाच्या नाकातून चहा आला होता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला पुढचं वाक्य सुचत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण ही फजिती गावभर झालीच आहे, तर निदान खरी तरी कळू द्या.

आमचं गाव विमानतळाच्या पूर्वेला, जालना रोडवरून जरा आत. विमान उतरतं ते आमच्या डोक्यावरून. किती खालून म्हणाल? चाकं मोजता येतात. मांडणीवरची भांडी थरथरतात, म्हैस पान्हा चोरते. पूर्वी दिवसातून एखादंच यायचं. आता येतच असतात, आणि धावपट्टी अजून लांब करायची म्हणून मोजणीवालेही येऊन गेले.

माझ्या आईला एक खोड आहे. विमान आलं की ती हात करते. कापूस वेचत असो, धुणं धूत असो, काम थांबवून हात वर. लहानपणी आम्ही पोरंही करायचो. मोठे झालो तसं लाजून सोडून दिलं. आईनं नाही सोडलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, दरवेळी म्हणायचे, "अगं, वर बसलेल्याला खालचं दिसत नसतं." त्यावर आईचं ठरलेलं उत्तर, "माणसंच हायेत ना आत? एखादा तरी करंल की परत."

इतक्या वर्षांत एकानंही केला नव्हता.

मी आठवीत शाळा सोडली. आता एका ठेकेदाराकडं एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट बसवतो. हैदराबादला एका दुकानाचं काम संपलं आणि इकडं आपल्या वाळूजला दुसरं लगेच सुरू व्हायचं होतं. रेल्वेत जागा नव्हती. ठेकेदारानं मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि फोन करून म्हणाला, उद्या दुपारच्या विमानानं ये, स्वस्तात मिळालंय. जसं काही सहा आसनी रिक्षात बस म्हणाला!

मी आईला फोन लावला. तिनं आधी विमान किती वाजताचं ते विचारलं. मग म्हणाली, "गच्चीवर मंदिरातलं लाल जाजम अंथरते. लाल दिसलं की हात कर. इसरू नको."

मागून अण्णांचा आवाज आला, "खिडकी उघडत नसती म्हणावं त्याची."

"करतो आई," मी म्हणालो. "शप्पथ करतो."

बघा, झालं! आता हे नुसतं विमानात बसणं राहिलं नव्हतं.

हैदराबादचं विमानतळ बघून माझं तोंड उघडं ते उघडंच. फरशी अशी की चपला हातात घ्याव्यात. पण मी बघत होतो छताकडं. एवढाले डक्ट, आणि एक सांधा वाकडा नाही! मी मान वर करून उभा, तर एक शिपाई जवळ आला. हिंदीत विचारलं, वर काय बघतोस? मी खरं ते सांगितलं, सांधे. त्यानं माझी पिशवी परत तपासली.

विमान लहान होतं, बाहेर पंखे असलेलं, दोन्हीकडं दोन-दोन जागा. आणि माझी जागा खिडकीची नव्हती. खिडकीची हवी तर आधी सांगून जादा पैसे द्यायचे असतात, हे मला कोण सांगणार? खिडकीत आपल्याच शहरातल्या शहागंजचे एक चाचा बसले होते. पांढरी दाढी, अत्तराचा वास. गाद्या-रजयांचं दुकान होतं त्यांचं, लेकीला भेटून परत निघाले होते.

विमान पळालं, पाठ खुर्चीला चिकटली आणि जमीन सुटली. चाचांच्या दाढीच्या पलीकडून मला जेवढं दिसलं, तेवढ्यानंच मी गार झालो. ढगाची सावली शेतांवर पडलेली वरून दिसली. त्या सावलीत मी आजवर किती वेळा भाकरी खाल्ली असेल! ती सावली एवढी मोठी असते, आणि अशी चालत जाते, हे मला माहीतच नव्हतं.

पण जागा मागायची कशी? मी मनात वाक्य तयार केलं. चाचा, जरा. बस, पुढचं सुचेना. विमान खाली यायला लागलं, पट्टे बांधा म्हणून सूचना झाली, आणि मी अजून 'चाचा, जरा'वरच.

शेवटी चाचाच वैतागले. "क्या बेटा, कबसे गर्दन लंबी कर रहा. क्या होना तेरेकू?"

मी कसंबसं सांगितलं. आई, गच्ची, लाल जाजम.

"अम्मी छत पे खडी है, और तू इधर बैठा? उठ, उठ."

आम्ही दोघं उठलो, तशी हवाई सुंदरी ताई धावत आली. म्हणाली, सर, प्लीज बसा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला सर म्हणालं, तेही रागावून. चाचांनी तिला सगळं समजावलं, पण दुकानातल्या आवाजात, त्यामुळं ते सगळ्या विमानाला समजलं. ती हसली, लवकर करा म्हणाली. पुढच्या बाई मागं वळून विचारायला लागल्या, कोणत्या बाजूला? मागच्या कॉलेजच्या पोरानं मोबाइल काढला. मी खिडकीत बसलो, आणि सगळी डावी बाजू खिडक्यांना नाक लावून बसली.

काय सांगू काय दिसलं! नाथसागराचं पाणी, जणू आभाळाचा एक तुकडा खाली सांडलाय. मग विमान वळलं, वळतच राहिलं, आणि देवगिरीचा किल्ला दिसला, उपड्या वाटीएवढा. मला इथंच कळायला हवं होतं. आमच्या गावाहून तो किल्ला शहराच्या पार पलीकडं आहे. पण किल्ला वाटीएवढा दिसत असताना माणसाची अक्कल केवढी राहणार?

घरं जवळ आली. गच्च्या, काळ्या टाक्या. आणि लाल!

"चाचा, ते बघा. आमचं जाजम."

मी दोन्ही हातांनी हात केला. चाचांनी माझ्या खांद्यावरून केला. पुढच्या बाईंच्या बांगड्या वाजल्या. मागच्या पोरानं केला. ताई तिच्या जागेवर पट्टा बांधून बसली होती, तिनंही दोन बोटं हलवली. बाईंनी विचारलं, आई दिसली का? मला काय, आई दिसली, अण्णा दिसले, म्हैससुद्धा दिसली! डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

उतरताना चाचांनी डोक्यावर हात ठेवला. "अम्मी को सलाम बोलना."

फोन तर चाचांच्या दाढीपलीकडच्या ढगांचं शूटिंग करून केव्हाच बंद पडला होता. बाहेर रिक्षा मिळाली, गाव काही लांब नाही. वाटलं, दारात ओवाळायला उभे असतील. तर गल्लीत चिटपाखरू नाही. गलका आमच्या गच्चीवरून येत होता.

मी शिडीनं वर गेलो. सगळी गल्ली वर, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं. मधोमध लाल जाजम, त्यावर आई. तेवढ्यात विमान घरघरत डोक्यावर आलं आणि सगळे हात वर गेले. एवढंच काय, जुन्या सवयीनं माझाही गेला.

"केला," आई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "बघा, माझ्या लेकानं हात केला. पांढरा शर्ट दिसला."

आणि अण्णा, होय, तेच अण्णा, उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "व्हय. दिसला."

माझा शर्ट निळा होता.

आई वळली. माझ्याकडं बघितलं, मग लहान होत चाललेल्या विमानाकडं बघितलं.

"तू इथं? मग त्यात कोण हाय?"

अण्णांच्याच आधी लक्षात आलं. वारं फिरलं होतं. वारं फिरलं की विमान शहराकडून उतरतं आणि आमच्यावरून उडतं. मला आणलेलं विमान परत निघालं होतं, आणि माझी आई हैदराबादला निघालेल्या माणसांना हात करत होती.

ती जाजमावर खाली बसली. "म्हंजे तू हात केलाच नाय?"

"केला की आई. अर्ध्या विमानानं केला."

"कुणाला?"

मला तेव्हा कुठं उमगलं. शहरातली कुठली तरी गच्ची. कुणाची तरी वाळत घातलेली लाल रजई.

आई आधी हसली, मग तिनं डोळे पुसले. "जाऊ दे. तिथंबी कुणाची तरी आईच आसंल."

ती अजून प्रत्येक विमानाला हात करते, आणि आता अण्णाही करतात. गल्लीचं मात्र काय सांगू! विमान गेलं की कुणीतरी आमच्या दारात डोकावतं आणि मला विचारतं, "घरीच हायेस व्हय? नाय, आत्ता वर दिसला व्हतास."