सिंधूताईंची पेवनी

उंद्रीच्या सिंधूताईंच्या हाताला गुण आहे, हे गावात कोणीही सांगेल. त्यांनी मेथी नुसती भिरकावली तरी उगवते. त्यामुळे कॅनडात नर्स असलेली त्यांची लेक महामाया दसऱ्याला आली आणि तिने तिकडच्या पिओनी नावाच्या फुलाच्या काळ्याभोर बिया हातावर ठेवल्या, तेव्हा यात काय मोठंसं, असंच बाईंना वाटलं. "तुह्या हातानं हे फुललं न आई, तं मी इथंच येऊन राहते," महामाया जाताना हसत म्हणाली. आई मात्र हसली नाही. फुलायला चार-पाच वर्षं लागतात हे ऐकून तिने तेवढं आयुष्य मनातल्या मनात मागून घेतलं.

बाईंनी बिया मटकीसारख्या ओल्या फडक्यात बांधल्या. मटकीला रात्रीतून मोड येतात. ही पेवनी (बाईंनी ठेवलेलं नाव) महिने उलटले तरी ढिम्म. रोज फडकं सोडायचं, बघायचं, पुन्हा बांधायचं. "झोपू दे न तिले जराशी," एसटीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान दयाराम म्हणायचे. अखेर एका बीला पांढरी मुळी फुटली. बाईंनी ती शेजारच्या कौशल्याबाईंना बोलावून दाखवली, मग कुंडीत लावली.

मुळीला थंडी लागू दे, त्याशिवाय कोंब येत नाही, कुंडी अंगणातच ठेव, असं महामायाने फोनवर बजावलं होतं. पण पौषात गारठा पडला आणि बाईंचा जीव राहीना. आधी त्यांनी कुंडीवर पोतं टाकलं, मग ती उचलून थेट चुलीशेजारी आणली.

"पोरगी थंडी पाह्यजे म्हणली न? काऊन आत घेऊन राह्यली?" दयारामांनी विचारलं.

"तुम्हाले काय समजते. इवलं लेकरू हाय ते."

ऊब दिली की जीव तग धरतो, एवढंच त्या आजवर शिकल्या होत्या.

माघ सरला तरी कोंब दिसेना. उकरून पाहिलं तर मुळी काळी पडून पिचपिचीत झालेली. बाकीच्या बिया फडक्यातच कुजल्या होत्या. गेलेली थंडी आता आणायची कुठून? बाईंना रडू आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

रविवारी महामायाचा फोन आला. "पेवनी गेली वं माय. मीच मारली. चुलीपाशी ठेवली."

"जाऊ दे न आई. तिकडच्या हवेत ती नाहीच येत."

"फुललं तं येऊन राहीन म्हणली होती तू."

"मी? कधी?" महामायाला खरंच आठवत नव्हतं.

सिंधूताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बर्फ पडून राह्यला का? सुटर घालतं न?"

"सवय झाली आई. उलट तिकडचंच ऊन सोसत नाही आता. पुढच्या वेळी हिवाळ्यातच येईन, आठ दिवस."

"हाव," म्हणून त्यांनी फोन दयारामांच्या हातात दिला. लेक उंद्रीला 'तिकडे' म्हणत होती, आणि त्यावर सिंधूताईंकडे काहीच इलाज नव्हता.