बटण बंद, खिळे वरच

बटण बंद केले, तरी खिळे खाली पडले नाहीत.

सेलूच्या आमच्या जिनिंगमध्ये हंगामातील पहिल्या खरेदीचा मुहूर्त होता. नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते. कापूस घेऊन आलेले शेतकरी मी तयार केलेल्या चुंबकाकडे पाहत होते. मी बटण पुन्हा चालू केले, पुन्हा बंद केले. खिळे, दोन नट आणि विळ्याचा एक तुकडा, सगळे जागच्या जागी.

मालक, म्हणजे शेठजी, शांतपणे म्हणाले, "मॅडम, धरायलाय तर झकास. सोडणार कधी?"

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणे. कापसासोबत लोखंडाचे तुकडे येतात. असा तुकडा यंत्रात घासला की ठिणगी पडते आणि कापसाला तेवढी पुरते. म्हणून वाटेत चुंबक बसवतात. आमचा जुना चुंबक कायमचा होता. त्याला चिकटलेले लोखंड मशीन थांबवून हाताने ओढून काढावे लागे. मी विद्युतचुंबक सुचवला. लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी; वीज सोडली की चुंबक, तोडली की साधे लोखंड. तो बाजूला फिरवायचा, बटण बंद करायचे, कचरा पेटीत. त्यासाठी मी बारा स्लाइडचे प्रेझेंटेशन केले. नवव्या स्लाइडवर माझा फोटो होता. त्याचे तांत्रिक प्रयोजन मला आजही सांगता येणार नाही.

मी प्रोबेशनवर होते. शेठजींनी अट घातली होती, "मुहूर्ताला चाललं तर तुमची नोकरी पक्की. न्हाई चाललं तर जुनाच चुंबक लावू, आन तुमी दुसरीकडं बघा."

आता ते 'दुसरीकडे' मला स्पष्ट दिसू लागले.

"ताई," वालूरच्या एका शेतकऱ्याने विचारले, "याला सोडायचं शिकवलंच न्हाई का?"

मी मल्टिमीटर लावला. प्रवाह शून्य. पहिला संशय मी मीटरवर घेतला, दुसरा आमचे फिटर गफूरभाई यांच्या वायरिंगवर. स्वतःचे नाव माझ्या यादीत नव्हते.

"गफूरभाई, वायरिंग तपासा."

"तपासलं. करंट न्हाई ना? मंग लोखंडच धरून बसलंय."

तेव्हा मला गाभा आठवला. तो करताना गफूरभाईंनी विचारले होते, "नरम लोखंडाचा तुकडा हाय, आन ट्रॅक्टरचा जुना एक्सल बी हाय. कोणता लावू?" मी क्षणाचाही विलंब न करता म्हटले होते, "एक्सल. आपल्याला मजबूत हवे."

एक्सल कडक पोलादाचा असतो. पोलाद एकदा चुंबकीय झाले की वीज गेली तरी चुंबकत्व टिकवून धरते. नरम लोखंड ते जवळपास लगेच सोडते. म्हणून विद्युतचुंबकाचा गाभा नरम लोखंडाचा करतात. हा शालेय पुस्तकातला धडा आहे. त्यावरचे उत्तर मी आकृतीसह लिहून पूर्ण गुण मिळवले होते. थोडक्यात, विद्युतचुंबकाच्या नावाखाली मी कायमचा चुंबकच बनवला होता, आणि तोही जुन्यापेक्षा महाग.

"हे तुम्हाला ठाऊक होते?" मी हळूच विचारले.

"पुस्तकातलं ठाऊक न्हाई. पण एक्सलचा तुकडा येकदा चुंबकाला लागला की आठ-आठ दिवस चुरा धरतो, हे बघितलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी मजबूत मागितलं. लय मजबूत दिलं."

मी शेठजींकडे गेले आणि चूक माझी असल्याचे सांगितले. वाक्य छोटे होते, तरी दोनदा अडखळले. त्यांनी घड्याळ पाहिले. "गाड्या उभ्या हायत. जेवणं होईस्तोवर वेळ देतो."

गफूरभाईंनी तो नरम तुकडा काढला. कानशीने घासून बसता केला. वेटोळी जुन्या गाभ्यावरून सरकवून नव्यावर चढवली. मी पाना धरून उभी राहिले. त्या कामात माझी पदवी आड आली नाही.

बटण बंद केले. सगळे लोखंड खाली पडले. एक खिळा लोंबकळत राहिला. गफूरभाईंनी चुंबकाच्या तोंडावर पितळेचा पातळ पत्रा लावला. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे खिळा आणि गाभा यांत फट राहते. पुढच्या वेळी तोही पडला.

त्या दिवसापासून 'मजबूत' हा शब्द माझ्या ड्रॉइंगमध्ये नसतो. त्या जागी धातूचे नाव असते, आणि ते लिहिण्याआधी मी वर्कशॉपमध्ये जाऊन येते.

नोकरी पक्की झाली. पत्रात माझा गुण म्हणून 'स्वतंत्र निर्णयक्षमता' असे नोंदवले आहे. गफूरभाईंनी ते वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.